शंभर पावलांची हद्द

१

बुधवारी सकाळी साडेदहाला योगिता ढवारेच्या टेबलावर एक मेलेला एडका येऊन पडला. फोटोतला. गळा चिरलेला, चारी पाय ताठ, आणि रक्त पिऊन काळी पडलेली माती. केजच्या त्या सरकारी खोलीत आजवर फुटलेली डोकी आली होती, जळालेले पदर आले होते. एडका पहिल्यांदाच आला.

फोटो आणणारा माऊली हात जोडून उभा होता. पस्तिशीचा, खांद्यावर घोंगडं, पायांत मात्र नवे कोरे बूट. त्याची बहीण शिवकन्या. नवरा रामेश्वर दारू पिऊन मारायचा, एकदा तर त्याने तिचा हात मोडला, तेव्हा कोर्टाने तिला संरक्षणाचा आदेश दिला होता. अशा आदेशाखालच्या बायकांवर लक्ष ठेवायचं ते योगिताचं काम. संरक्षण अधिकारी अशी तिच्या दारावर पाटी होती. तालुका एक, बायका एकशे चाळीस, आणि योगिता एकटी. लक्ष कितपत राहत असेल ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

"दोन वर्साची मुदत व्हती मॅडम. ह्या शुक्रवारी सपती," माऊली म्हणाला. "वाढवून द्या. न्हाईतर तो नालायक तिला जित्ती ठिवायचा न्हाई. बघा, ऐतवारी दिवस मावळतानी आला, वाघरीत शिरला, आन् लाल्याला कापून गेला. म्हन्ला, आज मेंढरू, उद्या तू."

"वाघर म्हणजे?"

"मेंढरं कोंडायची जाळी, मॅडम."

"तुम्ही पाहिलंत त्याला?"

"पळतानी पाठमोरा पाह्यला. पर शिवकन्यानं समोरून पाह्यला."

योगिताने अर्ज वाचला. बहिणीच्या वतीने भावाने केलेला, मुद्देसूद. फोटोवर वेळ होती, रविवार, संध्याकाळचे सहा दहा.

"फोटोच्या आधी कुणी हात लावला होता याला?"

"न्हाई न्हाई. पाह्यला की पयला फोटू काढला. पोलीस पाटील बबनराव येस्तोवर तसाच ठिवला. तेंनी पंचनामा केला, मंग पुरला."

योगिताने फोटो उजेडाला धरला. एडक्याला एकच कान होता. डाव्या कानाच्या जागी नुसता लाल काप, सरळ, सुरीने केल्यासारखा.

"आणि हा कान?"

माऊलीने फोटोकडे पाहिलं. इतका वेळ घडाघडा बोलणारा माणूस घटकाभर अडखळला.

"कुत्र्यानं नेला आसंल," तो म्हणाला.

२

कुत्रा कान खाईल, पण सुरी कुठून आणेल, असं मनाशी म्हणत योगिता दुपारी वडापच्या जीपमधून उतरली. तिथून पायवाटेने वर माळावर. वाटेच्या कडेला काळे दगड, बाभळी, आणि वर ते घर: पत्र्याच्या दोन खोल्या, शेजारी दोऱ्यांची वाघर, तिच्यात ओरडणारी पन्नासेक कोकरं. मोठी मेंढरं चरायला गेलेली.

माऊलीची आई साखराबाई दारात लोकर पिंजत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण हात घड्याळासारखे चालत होते.

"या बाई, बसा. लई दिसांनी आलाव."

दिवसांनी नव्हे. योगिता त्या घरी दुसऱ्यांदाच येत होती, आणि पहिली खेप दोन वर्षांपूर्वीची. ती ओशाळून बसली.

शिवकन्या बाहेर आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, उजवा हात कोपरात जरा वाकडा बसलेला. माऊली दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मग शिवकन्या बोलली, पाढे म्हणावेत तशी. रामेश्वर आला, त्याने लाल्याला मारलं, मला धमकी दिली, मला त्याच्यापासून धोका हाय. एकदाही वर पाहिलं नाही.

"लाल्या तुझा होता?"

या प्रश्नाचा पाढा तिला कुणी पढवलेला नसावा. तिचे डोळे भरून आले. "बापानं आंदण दिलेली चौदा मेंढरं व्हती, तेच्यातल्या पयल्या मेंढीचं पोर. हातानं दूध पाजून वाढिवला व्हता."

एवढं बोलून ती आत गेली आणि चहा घेऊन आली. येताना तिने आणखी एक गोष्ट केली. आतल्या खुंटीवरची एक दोरी काढून तिने दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवली, योगिताच्या अगदी नाकासमोर. दोरीत वाळक्या चामड्याचे दहा-बारा तुकडे ओवलेले. शेवटच्याला हळद लागलेली. बायका काय काय टांगून ठेवतात, असं मनात येऊन योगिताने चहाचा घोट घेतला. माऊलीने मात्र ती दोरी पाहताच पटकन घोंगडं उचलून त्याच खिळ्याला टांगलं.

"ताई," शिवकन्याने हळूच विचारलं, "मुदत शुक्रवारीच सपती ना? नक्की?"

बिचारी भेदरलीय, योगिताला वाटलं. तिने तिचा हात धरला. "काळजी करू नकोस. वाढवून घेऊ आपण. आणखी दोन वर्षं."

शिवकन्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने हात सोडवून घेतला, आणि कपबशी न उचलताच ती मागे सरली.

योगिता निघाली तेव्हा माऊली वाघर बांधत होता आणि शिवकन्या पोचवायला आली होती. तेवढ्यात एक कोकरू जाळीखालून निसटलं आणि टणाटणा उड्या मारत पायवाटेने खाली धावलं. शिवकन्याही मागे धावली, आणि एका जागी एकदम थांबली. कोकरू चार हातांवर होतं. वाकली असती तर हाती लागलं असतं. पण ती जागची हलेना. तिथूनच ओरडली, "माय, ये! कोकरू भाईर गेलं!"

मोतीबिंदूची म्हातारी चाचपडत आली आणि तिने कोकरू धरलं. शिवकन्याच्या पायांपुढे दगडांची ओळ होती, पांढऱ्या चुन्याने रंगवलेली.

"का थांबलीस गं?" योगिताने विचारलं. ती दगडांकडेच बघत राहिली. मागून माऊली आला.

"हद्द हाय मॅडम. कोर्टानं सांगितलंय ना, रामेश्वरनं शंभर मीटरच्या आत यायाचं न्हाई म्हून. मी पावलं मोजून दगडं रंगिवली. तेला दिसाय पायजे का न्हाई?"

शहाणा भाऊ, योगिताला वाटलं. असा प्रत्येकीला मिळो. ती उतरून खालच्या डांबरी रस्त्याला लागली आणि सहज वळून तिने वर पाहिलं. घर दिसत होतं. बाभळी दिसत होत्या. दगडांची ओळही होती तिथेच.

पण दगड काळे होते. एकही पांढरा नव्हता.

३

रात्रभर ते दगड तिच्या डोक्यात राहिले. गुरुवारी सकाळी ती माजलगावला गेली, कारण एका बाजूचं ऐकून अहवाल लिहायचा नाही एवढा नियम ती पाळायची. रामेश्वर कारखान्याच्या उसाच्या रांगेत ट्रॅक्टरवर बसलेला सापडला. तोंडाला सकाळीच वास.

"मी? आन् मेंढरू कापाय गेलतो?" तो हसला. ते हसू पाहून कुणाचाही हात शिवशिवला असता. "मॅडम, मी शनवारपासून ह्या रांगेत हाय. इचारा इलियासला. ऐतवारी पाच वाजता टायर बशिवला तेनं."

"शिवकन्याचं मेंढरू कोणतं ते तुम्हाला माहीत होतं?"

"आमच्या आज्यानंच मेंढरं इकली. मला समदी मेंढरं सारकीच दिसत्यात."

"तिचा हात तुम्ही मोडलात."

"मोडला," तो म्हणाला, जणू काठी मोडली होती. "सजा बी झाली. आता माझी दुसरी हाय घरात. मी सोताहून दोनदा सांगावा धाडला, फारकत घे आन् मोकळी व्हय. तिचा भाऊच न्हाई म्हन्तो."

असल्या माणसाच्या शब्दावर योगिताने पाव किलो मीठही घेतलं नसतं. पण इलियास भला माणूस निघाला. रस्त्याच्या कडेला त्याचं पंक्चरचं दुकान, साठीकडे झुकलेला, दाढीला मेंदी.

"हां, सही बात हाय मॅडम. ऐतवारी असरच्या नमाजनंतर टायर बशिवला. दिवस बुडेस्तोवर हितंच पिऊन पडला व्हता. बंदा एक नंबर नालायक हाय, पर झूट कावून बोलू?"

माजलगावहून माळापर्यंत दीड तास. सहा दहाला रामेश्वर तिथे असणं शक्य नव्हतं. मग एडका मारला कुणी? योगिताने फोटो काढून पुन्हा पाहिला. इलियासने वाकून डोकावलं.

"मालकाला कान दिलेला दिसतो," तो सहज म्हणाला.

"काय दिलेला?"

"आमचे अब्बा कातड्याचा धंदा करायचे. मेंढपाळाकडून कातडं घेतानी पयलं इचारायचे, कान दिला का? रीत हाय त्येंची. दुसऱ्याचं मेंढरू आपल्या राखणीत मेलं, का कापलं, तर खुणेचा कान मालकाला न्यून द्यायचा. म्हंजे इकून खाल्लं न्हाई, खरंच मेलं. मालक तो मीठ-हळद लावून दोरीत ओवून ठिवतो. आन् कान दिल्याबिगर राखणदारानं भाकर तोंडात घालायची न्हाई. बिरोबाची आण असती. मानूस खोटी सही करील, खोटी कसम खाईल, पर तो कान न्हाई चुकवायचा."

योगिता त्याच्या टायरवर बसली. नाकासमोर टांगलेली दोरी. हळदीचा तुकडा. अडाणी पोरीने साऱ्या घरासमोर पुरावा आणून अडकवला होता आणि शिकलेली बाई चहा पीत बसली होती.

पण भावाने हे का करावं? भाड्याच्या जीपमध्ये तिने बरोबर आणलेली जुनी फाईल उघडली. आदेश दोन पानांचा. निकालाच्या दिवशी शिवकन्या प्लास्टर घालून दवाखान्यात होती, म्हणून प्रत घरी पोचवली होती. तिसरं, मेंढरांचं कलम तिने दोनदा वाचलं. मग शेवटचं पान. तिथे एक चौकट होती: "आदेश पीडित महिलेस वाचून दाखवला व समजावून सांगितला." चौकटीत बरोबरची खूण. त्याखाली प्रत मिळाल्याची सही माऊलीची.

आणि खूण करणारीची सही योगिता ढवारे.

"गाडी कुठं न्यायची?" ड्रायव्हरने विचारलं. तिने त्याला बबनराव पोलीस पाटलाचं घर सांगितलं.

४

उन्हं कलायच्या आत ती बबनरावांना घेऊन माळावर पोचली. या खेपेला तिने दगडांपाशी थांबून वाकून पाहिलं. रस्त्याच्या बाजूने काळे. घराच्या बाजूने चुना.

वाघरीपाशी सगळे जमले. माऊलीने घोंगडं टाकून पाटलांना बसायला दिलं. खिळा रिकामा झाला तशी दोरी दिसली. योगिता साखराबाईजवळ बसली.

"मावशी, लाल्याचा कान शिवकन्याला कधी दिला?"

माऊलीने मान वर केली. "माय, तू गप—"

पण म्हातारीला त्यात लपवण्यासारखं काय होतं? रीत तर पाळली होती. "ऐतवारी दुपारी की. म्या भाकर वाढली, तर माऊली म्हन्ला, थांब, आदी कान दिऊं दे. मंग जेवला."

"दुपारी," योगिता म्हणाली. "बबनराव, तुमच्या पंचनाम्यात एडका कधी मेला?"

"दिवस मावळतानी," पाटील म्हणाले आणि माऊलीकडे बघायला लागले.

"फोटो सहा दहाचा. कुणी हात लावला नव्हता म्हणतात, तरी फोटोत कान नाही. कुत्र्याने नेला म्हणावं, तर तो इथे दोरीत आहे, मीठ-हळद लावलेला. दिला दुपारी. म्हणजे एडका दुपारच्या आधी मेला, आणि ज्याने कान दिला त्यानेच कापला. दिवसभर पालापाचोळ्याखाली झाकून ठेवला असेल आणि संध्याकाळी फोटोसाठी बाहेर काढला असेल. रामेश्वर तेव्हा माजलगावला पिऊन पडला होता. आणि त्याला हे मेंढरू तिचं हे कळणारही नव्हतं. वाघरीतल्या नव्वद मेंढरांतलं नेमकं तिचं निवडलं, कारण माऊली, तुम्हाला तुमचं स्वतःचं मारवलं नाही."

"बहिणीच्या भल्यासाठीच केलं!" माऊली उसळला. "मुदत वाढावी म्हून. पुराव्याबिगर कोर्ट आयकतं का?"

हे त्याने इतकं तळमळून म्हटलं की बबनरावही विरघळले. "आसंल मॅडम. भावाची माया..."

योगिता उठली. ती शिवकन्यापाशी गेली आणि तिने फाईल उघडली. "शिवकन्या, या कागदात काय लिहिलंय ते तुला कुणी सांगितलं?"

"दादानं."

"काय सांगितलं?"

ती भावाकडे बघायला लागली. योगिता दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"म्हन्ला, कोर्टानं तुला दोन वर्सं हितं ठिवलंय. शंभर पावलाच्या भाईर गेलीस तर पोलीस धरून नेत्याल, आन् मेंढरं समदी रामेश्वरला मिळत्याल. फोन बी बंद केलाय कोर्टानं." तिने आवंढा गिळला. "नवऱ्याचं घर सोडलं म्हून सजा हाय ना ती? मी दिस मोजले ताई. दोन दिस ऱ्हायले व्हते. तुमी म्हन्लाव, अजून दोन वर्सं."

बबनरावांनी माऊलीवरून नजर वळवून दगडांच्या ओळीकडे पाहिलं.

दोन वर्षांपूर्वीचं काम आता करणं भाग होतं. ती खाली बसली आणि तो आदेश वाचायला लागली. ओळ वाचायची, मग साध्या बोलीत सांगायची. सामनेवाला म्हणजे रामेश्वर. त्याने शंभर मीटरच्या आत यायचं नाही. त्याने फोन करायचा नाही. तिची चौदा मेंढरं आणि त्यांची पिल्लावळ तिची, तिने कुठेही न्यावी. तिच्यावर बंधन काहीच नव्हतं. एकही नव्हतं.

"म्हंजे मला जाता येत व्हतं?" शिवकन्याने विचारलं.

"हो."

"बाजारला? मामाच्या गावाला?"

"हो."

"मामाची स्वप्ना मेली तवा बी?"

स्वप्ना तिच्या बरोबरीची मामेबहीण होती, हे साखराबाईने हुंदके देत सांगितलं. मागच्या पावसाळ्यात सात कोसांवर ती वारली. शिवकन्याने या दगडांपाशी उभं राहून तिच्या नावाने हंबरडा फोडला होता.

"हो," योगिता म्हणाली. "तेव्हाही."

माऊलीने मान खाली घातली नाही. उलट आवाज चढवला. "चौदाची बावन्न झाली ती कोणाच्या जिवावर? उन्हातान्हात राखली म्या! ती गेली की निम्मी वाघर रिकामी. आन् कोकरं कोण संबाळनार? तिला काय कमी केलं हितं? दोन टाइम भाकर व्हती. हात मोडला कुनी का तिचा?"

"चुना एकाच बाजूला का लावला, माऊली?" योगिताने विचारलं. "रामेश्वरला दिसायचा असता तर रस्त्याच्या अंगाला लावला असता. तो तिला दिसायला लावला."

माऊलीने आईकडे पाहिलं. म्हातारीने आयुष्यात पहिल्यांदा लेकाकडे पाठ फिरवली. बबनराव उठले. "चल बे," ते म्हणाले, "ठाण्यावर बोलू."

५

शुक्रवारी कोर्टात योगिताने दोन कागद दिले. पहिल्यात मुदत वाढवावी अशी शिफारस होती. अर्ज मात्र भावाचा नव्हता, तो मागे पडला होता. अर्ज शिवकन्याचा, अंगठा तिचा, आणि सामनेवाल्याच्या रकान्यात दोन नावं: रामेश्वर आणि माऊली. दुसरा कागद योगिताने स्वतःविरुद्ध लिहिला होता. वाचून न दाखवता खूण केली, त्यानंतर दोन वर्षांत एकदाही घरभेट दिली नाही, चौकशी व्हावी. मॅजिस्ट्रेटबाईंनी तो वाचून चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि तो वरिष्ठांकडे पाठवायच्या गठ्ठ्यात ठेवला. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. योगिताला त्या सकाळी त्याचं फारसं वाटत नव्हतं, वाटायला जागाच उरली नव्हती.

आदेश दुपारी मिळाला. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसून योगिताने तो शिवकन्याला सबंध वाचून दाखवला. ती मध्येच थांबवायची, पुन्हा वाचायला लावायची. शेवटी ती चौकट आली. योगिताने पेन तिच्या हातात दिलं. शिवकन्याला लिहिता येत नव्हतं, तरी वाकड्या हाताने तिने बरोबरची खूण केली, चौकटीच्या बाहेर जाईल एवढी मोठी.

"आता कुठं जायचं?" योगिताने विचारलं. बीडला निवारागृहात जागा ठेवली होती. मामानेही निरोप धाडला होता, मेंढरं घेऊन ये म्हणून. साखराबाई काल संध्याकाळीच कोकरांपाशी बसून होती, तुझं तू ने, मी राखते तोवर, म्हणाली होती.

"मामाकडं. स्वप्नाच्या घरी."

दोघी उठल्या. आवारात चहाची टपरी, वकिलांच्या मोटारसायकली, समोर फाटक, फाटकापलीकडे मामाच्या गावावरून जाणारी वडवणीची एसटी उभी. कंडक्टर ओरडत होता. योगिता फाटक ओलांडून चार पावलं पुढे गेली आणि शेजारी कुणी नाही हे तिच्या ध्यानात आलं.

शिवकन्या फाटकाच्या आत थांबली होती. दोन्ही हातांत पिशवी घट्ट धरून ती खाली जमिनीकडे बघत होती, इकडून तिकडे, काहीतरी शोधल्यासारखी.

"चल ना," योगिता म्हणाली. "गाडी सुटेल."

"येते," ती म्हणाली. "पर ताई, हितली हद्द कुठवर हाय?"